आम्ही पट्टे मागितले, डोंगर राहून गेला



या तिमाहीचा अभ्यासपाठ मी किनवटच्या डोंगरातून लिहीत आहे. महिला मंडळात, तरुण संघात किंवा घरी कुटुंबासह तो वाचावा. विषय जंगलाचा आहे, पण सुरुवात लातूरपासून करावी लागेल, कारण मी लातूरचा, आणि आपल्या देणगीदारांपैकी बरीच कुटुंबे लातूर-उदगीर भागातलीच आहेत.

लातूर जिल्ह्यात जंगल एकूण भूमीच्या एक टक्कासुद्धा नाही. माझ्या लहानपणी जंगल म्हणजे ओढ्याकाठची बाभळीची रांग. तिच्यात आम्ही शेळ्या चारल्या आणि सुट्टीत सूरपारंब्या खेळायला झाड शोधत फिरलो. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी बघायला स्टेशनवर गर्दी झाली होती, आणि त्या गर्दीत मीही होतो. जंगल असते तर लातूरला दुष्काळ पडलाच नसता, असे मी म्हणणार नाही. उसाचा, विंधन विहिरींचा आणि आटलेल्या मांजरा धरणाचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पण डोंगर उघडा पडला की काय होते, हे लातूरकराला पुस्तकातून शिकावे लागत नाही, एवढेच सांगायचे आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात मी सेवाकार्यासाठी इकडे आलो. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड करत किनवटला पोचते. हिमायतनगरच्या पुढे खिडकीतला रंग बदलतो. काळी रानं संपतात, डोंगर सुरू होतात आणि त्यांवर साग, धावडा, ऐन, मोह, तेंदू दिसू लागतात. मराठवाडा म्हटले की डोळ्यांपुढे जे चित्र येते, त्यात हे बसत नाही. बसणार तरी कसे? किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेच्या वेळी ते नांदेडला जोडले गेले. इथली गोंड, कोलाम, प्रधान, आंध माणसे नातीगोती सांगताना अजूनही राज्याची सीमा मध्ये आणत नाहीत.

ही जुनी गोष्ट पुढच्या धड्यासाठी लागणार आहे, म्हणून थोडी सांगतो. निजामाच्या काळात या डोंगरांचे मोठे पट्टे राखीव जंगल म्हणून आखले गेले. कोलामांची डोंगरउतारावरची शेती बंद झाली, पोडच्या पोड उठवले गेले. (पोड म्हणजे कोलामांची वाडी.) चराईवर कर बसला. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याने बंड केले आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात तो मारला गेला. असे का झाले हे समजून घ्यायला निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवले. त्याच्या कामानंतर त्या दशकात अनेक आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. हे चांगलेच झाले. पण नीट पाहा: पट्टे शेताचे मिळाले. डोंगर सरकारकडेच राहिला.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मी अगदी तीच चूक पुन्हा केली.

आम्ही ज्या वस्तीवर काम करत होतो ती कोलामांची. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. वस्तीवर आल्यावर वनहक्क कायद्याचे कागद माझ्या हाती आले. हा कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तिचा हक्क मिळतो, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. त्यासाठी भरायचा तो नमुना ‘अ’. मी उत्साहाने बसलो. दोन हिवाळे एकेका घराचा नमुना ‘अ’ भरला, फोटो चिकटवले, शिधापत्रिकेच्या प्रती काढल्या. काही कुटुंबांना पट्टे मिळाले. तुमच्यापैकी काहींनी त्या समारंभाचे फोटो याच पत्रिकेत पाहिले असतील. फोटोत मी हसतो आहे.

त्यानंतर एका उन्हाळ्यात मोजणीवाले आले. खांद्यावर दांड्या, पिशवीत लाल रंगाचा डबा. त्यांनी वस्तीच्या वरच्या डोंगरावर दगडांना खुणा केल्या आणि निघून गेले. कोणी म्हणाले रस्त्याची मोजणी आहे, कोणी म्हणाले धरणाची, कोणी म्हणाले नुसतीच आहे. संध्याकाळी माणसे माझ्याकडे आली. त्यांतल्या एका आजींनी विचारले, “भाऊ, आमचे कागद झाले म्हनला होतास. मंग ह्यो डोंगर कोनाच्या कागदात हाय?”

मी पट्टे काढून पाहिले. कोणाच्याच कागदात डोंगर नव्हता. शेत होते दोन-तीन एकरांचे. मोह ज्या उतारावर आहेत तो उतार नव्हता, झरा नव्हता, तेंदूचे रान नव्हते, पुरलेल्या माणसांची जागा नव्हती.

वस्ती वर्षभर कशावर जगते ते लिहून काढा म्हटले, तर शेत वहीच्या पानाच्या चौथाईतच मावते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले. पहाटे अंधारात टोपली घेऊन झाडाखाली जायचे, कारण ऊन चढले की फुले सुकतात आणि गुरे खातात. मेमध्ये तेंदूपान. त्याच्या मागेपुढे चारोळी, धावड्याचा डिंक, बिब्बे. बिब्बा फोडणाऱ्या बाईचे हात तुम्ही पाहिले नसतील. उतलेल्या तेलाचे काळे डाग वर्षानुवर्षे जात नाहीत. पावसात रानभाज्या आणि कंद. उरलेल्या दिवसांत मजुरी. यातले एकही पीक सातबाऱ्यावर येत नाही.

आता धरणाविषयी. मोजणीवाल्यांच्या खुणा कशाच्या होत्या हे मी सांगत नाही, पण ‘धरण’ हा शब्द इथे कुणाच्या तोंडी का येतो, ते सांगितले पाहिजे. पैनगंगेवरचा निम्न पैनगंगा प्रकल्प १९९७ साली मंजूर झाला. महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्याचा तो एकत्र प्रकल्प आहे. त्याच्या पाण्याखाली यवतमाळ आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतली गावे, शेते आणि नदीकाठचे जंगल जाणार, म्हणून दोन्ही काठांवरची माणसे तेव्हापासून विरोध करत आली आहेत. म्हणजे तेव्हा जन्मलेले मूल आज स्वतः आईबाप झाले आहे, आणि अजून घराला नवे छप्पर घालावे की नाही याचा निर्णय होत नाही. बुडण्याआधीचे हे बुडणे वर्तमानपत्रात येत नाही.

पण आपण नांदेडकरांनी इथे थोडे थांबावे. याच पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. अर्धापूरची केळी त्या पाण्यावर पिकतात आणि ती आपण सगळेच खातो. त्यामुळे धरण म्हणजे पाप, अशी सोपी शिकवण मला देता येणार नाही. एका तालुक्याची तहान आणि दुसऱ्या तालुक्याचे घर एकाच तराजूत टाकले जाते तेव्हा, ज्याचे घर आहे त्याला कोणी विचारले का? माझा प्रश्न एवढाच आहे.

जंगल गेले तर आम्ही दुप्पट झाडे दुसरीकडे लावू, असे नेहमी सांगितले जाते. भरपाई वनीकरण म्हणतात त्याला, आणि त्यासाठी २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. लावलेली झाडे वाईट नसतात. मात्र मोहाचे रोप लावले तर फुले यायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि ती येतील त्या वेळी झाड दुसऱ्या जिल्ह्यात उभे असेल. आजींनी पहाटे तिथे जायचे कसे? शिवाय जंगल म्हणजे झाडांची बेरीज नाही. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला, यवतमाळ, आदिलाबाद, नांदेड, हिंगोलीच्या रानांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेरा‍शे किलोमीटरहून जास्त चालला तो. आपल्या नकाशावर वेगवेगळे दिसणारे हिरवे तुकडे, पैनगंगेच्या दोन्ही अंगांचे अभयारण्य धरून, त्याच्यासाठी एकच वाट होते. मधला एक तुकडा काढून दुसरीकडे लावला, तर वाट तुटते.

अनुवादाच्या विसाव्या अध्यायात वेढ्याविषयीचा एक नियम आहे, तो वर्गात काढून वाचावा. शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही त्याची फळझाडे तोडायची नाहीत, असे तिथे सांगितले आहे. युद्धातसुद्धा. मोहाला फळझाड म्हणायचे की नाही, यावर आमच्या तरुणांमध्ये एकदा चांगला वाद झाला होता. ज्यांनी मोहाच्या फुलांची भाकर खाल्ली होती त्यांनी तो जिंकला.

तर आजींच्या प्रश्नाकडे वळू. डोंगराचा कागद निघू शकतो का? निघतो. त्याच वनहक्क कायद्यात तो आहे, आणि मी तो वाचलाही होता. पण एकेका घराच्या पट्ट्याच्या नादात बाजूला ठेवला होता. नमुना ‘ब’ हा सामूहिक हक्कांचा: गौण वनोपज, चराई, पाणी. नमुना ‘क’ हा सामूहिक वनसंपत्तीचा: वस्ती परंपरेने ज्या जंगलाचा वापर आणि राखण करत आली, ते जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था करण्याचा हक्क. त्याला चार हेक्टरची मर्यादा नाही. तो कोणा एकाच्या नावावर होत नाही, त्यामुळे विकताही येत नाही आणि दारूच्या उधारीत गहाणही पडत नाही. दावा करणारी ग्रामसभा असते. आणि कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला आपल्या जंगलाचा, पाणलोटाचा, वन्यजीवांचा नाश थांबवण्याचा अधिकार देते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे करून दाखवले आहे. २००९ साली त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये तोडलेला बांबू बाहेर नेण्याचे परवाना-पुस्तक तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब आणखी वेगळी आहे. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून मेंढ्यात अभ्यासगट चालत असे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने माणसे बसत, एखादा विषय घेत, बाहेरच्या जाणकाराला बोलावत आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने करत. कायदा दारात आला तेव्हा गाव तयार होते. आमची वस्ती तयार नव्हती, आणि तिला तयार करण्यासाठी तुमच्या पैशावर ठेवलेला माणूस मी होतो.

ओडिशातल्या नियमगिरीचे नावही ऐकले असेल. त्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोंगरिया कोंधांच्या हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. बारा गावांत ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी नाही म्हटले. डोंगर वाचला. पण त्या निकालावर विसंबून झोपू नये. केंद्राच्या २००९ च्या परिपत्रकानुसार वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याच्या प्रस्तावाबरोबरच हक्कांची पूर्तता झाल्याचे आणि ग्रामसभेच्या संमतीचे कागद लागत. २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी राज्याकडे दिली आणि ती केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर गेली. वरून होकार आल्यावर खालच्या नकाराला किती वजन उरते, हे ज्याने कधी सरकारी काम केले आहे त्याला विचारा. वनहक्क कायदा मात्र जसाच्या तसा आहे. म्हणून माझे मत असे की ज्या वस्तीचा दावा आधीच मान्य झालेला आहे तिची बाजू बळकट, आणि जिने लाल खुणा पडल्यावर धावाधाव केली तिची कच्ची. आमची दुसऱ्या प्रकारातली होती.

एक गैरसमज इथेच दूर करतो. वस्तीला रस्ता नको, दिवा नको, असे नाही. अडलेल्या बाळंतिणीला बाजेवर घालून डोंगर उतरवणाऱ्या माणसांना रस्त्याची महती सांगायची गरज नाही. याच कायद्यात शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचे पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देण्याची तरतूद आहे. आमच्या वस्तीने अंगणवाडीसाठी तसा ठराव केला आहे. विकास कोणाच्या सहीने येतो, यावर तो कुणाचा हे ठरते.

डोंगराचा दावा लिहायला आम्ही बसलो तेव्हा मला वाटले, कचेऱ्या पालथ्या घालून जुने नकाशे शोधावे लागतील. थोडे शोधलेही. पण नियमांमध्ये पुराव्यांची जी यादी आहे तीत म्हाताऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदन चालते. जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थाने चालतात. असे दोन पुरावे पुरतात. मग आम्ही कचेरी सोडून डोंगर चढलो. चार दिवस चाललो. पुढे दोन म्हातारे आणि त्या आजी, मागे वनहक्क समितीची पोरे मोबाइलवर जागा नोंदवत, सर्वांत मागे धापा टाकत मी. आजी एका दगडापाशी थांबायच्या आणि सांगायच्या: इथे आमची सासू पुरली. ह्या कपारीत फेब्रुवारीपर्यंत पाणी ऱ्हातं. ह्या मोहाचं फूल आमच्या घरचं, त्या पलीकडचं दिराचं. मला सगळीकडे एकसारखा साग दिसत होता. त्यांना गल्लीबोळ दिसत होते.

देवस्थाने मीच माझ्या अक्षरात लिहिली. कोलामांची वरच्या माळावरची, आणि शेजारच्या गोंडांचे पेनठाणे. हे वाचून आपल्यातल्या एकदोघांच्या कपाळावर आठी पडेल, हे मला ठाऊक आहे. एका सभेत तसा प्रश्न आलाही. त्यांची जागा, त्यांचा पुरावा, त्यांचा दावा. मी लेखनिक होतो. खोटे लिहायचे नाही आणि खरे गाळायचे नाही, इतकेच लेखनिकाचे काम.

पहिला दावा परत आला. कार्यालयाचा दोष नव्हता. आम्ही चालून आलेली हद्द शेजारच्या गोंड गावाच्या हद्दीत शिरत होती. झरा दोघांचा होता आणि आम्ही तो एकाच्याच नकाशात घेतला होता. यावरून दोन वस्त्यांमध्ये बोलाचाली झाली, एका लग्नाला माणसे गेली नाहीत. शेवटी दोन्हीकडची माणसे एकत्र डोंगर चढली आणि झऱ्यापाशी बसून ठरवले की झरा दोन्ही दाव्यांत ‘सामाईक’ म्हणून लिहायचा. हे ठरवायला मी नव्हतो. मला नंतर कळले, आणि ते बरेच झाले.

त्याच बैठकीत वणव्याचाही विषय निघाला, आणि तो बाहेरच्यांनी काढला नव्हता. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची जुनी सवय आहे, आणि कधी कधी ती आग डोंगरभर जाते. जंगल बाहेरचे लोकच नासवतात असे भाषणात म्हणायला बरे वाटते. इथे बायकांनी स्वतःच सांगितले की काडी आमच्याच हातची असते. या वर्षीपासून पाला झाडून काढायचा किंवा जुन्या साड्या जोडून झाडाखाली अंथरायच्या, असा ठराव झाला. तुमच्या घरच्या जुन्या सुती साड्या आम्हांला हव्या आहेत त्या यासाठी. नेसायला नव्हेत. त्यामुळे फाटक्याही चालतील.

पैशांचेही सांगून टाकतो, कारण हिशेब विचारणारी पत्रे येतात आणि ती यावीत. या कामाला इमारत लागत नाही. तालुक्याला जाण्याचे बसभाडे, म्हाताऱ्यांची त्या दिवशीची बुडालेली मजुरी, झेरॉक्स, नकाशाची छपाई, ग्रामसभेच्या दिवशीचा चहा आणि पोहे. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका. मजुरीच्या हंगामात एवढी माणसे एका दिवशी बसवायची म्हणजे खर्च त्यातच होतो. फोटोत दाखवण्यासारखे यात काही नाही. ब्लँकेटवाटपाचा फोटो चांगला येतो, हे मी नाकारत नाही.

वर्गात चर्चेसाठी विचारायचे झाले तर माझे दोनच प्रश्न आहेत. तुमच्या गावाचे गायरान, ओढा, स्मशान, तळे कोणाच्या कागदात आहे, हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे का? आणि आपण दिलेल्या मदतीतून आजवर माणसांना जे मिळाले, ते एकेकट्याला मिळाले की सगळ्यांना मिळून? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना माझ्याकडे पाहायला हरकत नाही.

दुरुस्त केलेला दावा या पावसाळ्याआधी पुन्हा दाखल झाला. पोच घेऊन आम्ही परतलो तेव्हा अंधार पडला होता. आजींनी ती दिव्यापाशी धरून पाहिली. त्यांना वाचता येत नाही. “ह्यात झरा हाय?” त्यांनी विचारले. मी बोट ठेवून दाखवला. त्यांनी कागद घडी करून बियाण्याच्या डब्यात ठेवला आणि डबा फडताळाच्या वरच्या फळीवर चढवला, उंदीर पोचणार नाहीत असा.